सॅलरी स्लिपमधले दोनशे रुपये

तुमची सॅलरी स्लिप कधी नीट वाचलीय? पीएफ, टीडीएस आणि कोपऱ्यात बिचारा ‘पीटी’... म्हणजे प्रोफेशन टॅक्स. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २५००. एका वीकेंड डिनरचं बिल! म्हणून त्यावरून कुणी भांडत नाही.

माझा एक आयटीवाला मित्र मात्र भांडतो. ‘आपण टॅक्स भरायचा आणि गावाकडे लोकांनी फुकट खायचं’ हे त्याचं कॅन्टीनमधलं लाडकं भाषण. परवा त्याला म्हटलं, बाबा रे, महाराष्ट्रात हा कर १९७५ साली लागला तोच मुळी रोजगार हमीसाठी. आणि तिथे फुकट काही मिळत नव्हतं. माझ्या आजीला विचार!

आजी तीर्थपुरीची. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात (तेव्हा जालना जिल्हाही झाला नव्हता) नवी नवरी असलेली आजी डोक्यावर पाटी घेऊन पाझर तलावाच्या कामावर जायची. मुकादम मस्टरवर अंगठा घ्यायचा, खायला सुकडी मिळायची. ती ठसक्यात सांगते, ‘खडी फोडली, मग पगार घेतला. कुनाच्या दारात नाही गेलो.’ ‘पगार’ हा तिचाच शब्द.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात तरी दुसरं काय होतं? ‘मागेल त्याला काम’ ही कल्पना त्यांची. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. शहरातल्या नोकरदारांनी कर द्यायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावातल्या माणसाने काम हक्काने मागायचं. देशाचा असा कायदा यायला २००५ उजाडलं. वर्षाला १०० दिवसांची हमी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. फ्रीलान्सर म्हणून मला तर हेवाच वाटतो. आमच्याकडे काम मागितलं की मेललासुद्धा उत्तर येत नाही!

पण मला सगळ्यात भारी वाटते ती १९९० ची आयडिया. रोजगार हमीतून फळबाग. खड्डे रस्त्याच्या कामावर खणण्याऐवजी स्वतःच्या शेतात खणा, कलमं लावा, मजुरी योजनेतून घ्या. जालन्याच्या मोसंबीला त्याने चांगलाच हात दिला. आमच्याही दोन एकरांत मोसंबी आली. धाकट्या काकाचं पॉलिटेक्निक, आत्याचं लग्न, माझी शाळेची फी... सगळं त्या झाडांवर. आजीचं मस्टर कायमचं सुटलं, असं सगळ्यांना वाटलं.

मग आला २०१२-१३ चा दुष्काळ. जालना जिल्हा भयंकर होरपळला. लोक टँकर विकत घेऊन बागा जगवत होते. आमची नाही जगली. काकाने स्वतःच्या हाताने झाडं तोडली, सरपणाच्या भावात विकली. आणि साठी ओलांडलेली आजी ओट्यावरून म्हणाली, ‘मस्टर निघालं का बघा बरं.’

मस्टरवरून बागेपर्यंत पोचायला तिला वीस वर्षं लागली होती. परत यायला एक उन्हाळा. योजनेने झाड दिलं, पाण्याची हमी कोण देणार होतं?

हे ऐकल्यावर मित्र थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आता काय करतात ते?’ काकाने २०१९ ला पुन्हा कलमं लावलीत, आधी शेततळं खोदून, ठिबकवर. झाडं फळावर आलीत. आंबे बहार धरायचा की मृग, यावरून सध्या त्याचं आणि आजीचं रोज वाजतं.