फाट्यावरची गाडी

पुण्याला नोकरीला असलेला माझा पुतण्या कुठे जायचे झाले की मोबाइल काढतो आणि बोटाने गाडी बोलावतो. थोड्याच वेळात गाडी दारात. पाऊस आला की भाडे वाढते, एवढीच त्याची तक्रार. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत फाट्यावर उभे राहून मोबाइल कितीही दाबला तरी गाडी येत नाही. येथे हात दाखवावा लागतो. येईल ती एसटी, नाही तर काळीपिवळी. पण निवड येथेही करावी लागते, आणि कधी कधी त्या निवडीवर एखाद्या मुलीचे शिक्षण अवलंबून असते.

माझी मोठी बहीण सावली तालुक्यातील एका खेड्यात राहते. गाव मूल-गडचिरोली रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. तिची मुलगी बारावी पास झाली आणि तिला गडचिरोलीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. भाऊजींचा फोन आला, "तुमच्या भाचीला रोज कोणत्या गाडीने पाठवायचे ते तुम्हीच सांगा. नाही तर घरी राहू द्या." भाऊजी मजुरी करणारे, पण शिक्षणाच्या विरोधातले नाहीत. त्यांना मुलीची काळजी होती. अशा प्रश्नाचे उत्तर फोनवर देणे बरे नाही, म्हणून दोन दिवसांची रजा टाकली.

चंद्रपूर ते गडचिरोली अंतर सुमारे 80 किलोमीटर. लोहारा सोडले की दोन्ही बाजूंना साग आणि बांबू सुरू होतो. चिचपल्ली मागे पडते, मूल येते. पुढे सावलीपर्यंत धानाचे बांध. व्याहाड ओलांडले की वैनगंगेचा पूल, आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. 26 ऑगस्ट 1982 पूर्वी हा सारा एकच चंद्रपूर जिल्हा होता. गडचिरोली शहराला आगगाडी अजून मिळालेली नाही. वडसा ते गडचिरोली मार्गाचे काम सुरू झाले, पण तोपर्यंत सारा भार डांबरी रस्त्यावरच.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे निघालो. पुढे भाऊजी, हातात बॅटरी आणि काठी. मध्ये भाची, मागे मी. शहरातल्या वाचकांना काठी पाहून हसू येईल. पण सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांत मोहफुले वेचायला आणि सरपणाला गेलेली कितीतरी माणसे वाघाने नेली आहेत. येथे प्रवास गाडीत बसल्यावर नव्हे, घराचा उंबरा ओलांडल्यावर सुरू होतो.

पहिली काळीपिवळी आली. चालक ओळखीचा, "या मामाजी" म्हणून जागा करून दिली. मी मोजले, चालकासह चौदा माणसे आणि मागे लटकलेले दोघे. भाची दप्तर मांडीवर घेऊन सीटच्या टोकावर बसली होती.

या गाडीला वाईट म्हणणे मला पटत नाही. ती अवेळी मिळते, म्हाताऱ्या माणसाला घरासमोर उतरवते, गावच्या पोराला रोजगार देते. ऑक्टोबर 2021 अखेरपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा खेड्यातल्या माणसांना याच गाड्यांनी दवाखाना गाठता आला. पण गाडी भरल्याशिवाय ती हलत नाही, म्हणजे वेळेची खात्री नाही. आणि अपघात झाल्यास विमा कंपनीची जबाबदारी परवान्यात लिहिलेल्या आसनांपुरतीच असते, हे बसणाऱ्यांना कोणी सांगत नाही.

परतताना आम्ही एसटीने आलो. गर्दी तिथेही होती, भाची अर्धा रस्ता उभीच होती. पण वेळ फलकावर लिहिलेली आणि वाहकाच्या हातात तिकीट.

मी बी.कॉम. झालेला कारकून, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. रात्री ताईसमोर वही उघडली. दोन्ही गाड्यांचे भाडे 100 रुपये धरा. काळीपिवळीत पूर्ण 100. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे, म्हणजे 50. विद्यार्थी पासावर त्याहूनही कमी, जवळपास तेहतीस. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर 26 ऑगस्ट 2022 पासून काहीच नाही. मजुराच्या घरात हा फरक म्हणजे पुस्तके आणि फी.

भाऊजी म्हणाले, "पैशाचे खरे, पण गाडीत कोण कसा बसतो?" तेव्हा मला मसूर स्टेशन आठवले. 1901 साली भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. जात कळताच गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे. एसटीच्या तिकिटावर जात लिहिलेली नसते. शेजारी कोण बसला आहे हे वाहक विचारीत नाही. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाड्याकडे पहिली एसटी 1 जानेवारी 2025 रोजी धावली. एका बसची किंमत काय, हे तिथल्या माणसांना विचारावे.

ठरले, जाणे-येणे एसटीने, पास काढून. शेवटची बस चुकली तरच काळीपिवळी, तीही एकटीने नव्हे.

राहिले फाट्यापर्यंतचे दोन किलोमीटर. चौकशी केली तर गावातल्या आणखी चार मुलींचा प्रश्न हाच होता. त्यांत एक गोंड समाजाची, एक तेली समाजाची. पाच घरांचे पालक विहारासमोर बसले आणि पाळी लावली, रोज पहाटे एकाने बॅटरी घेऊन मुलींना पोचवायचे, संध्याकाळी दुसऱ्याने आणायचे. बस गावात यावी म्हणून ग्रामसभेचा ठराव, विद्यार्थिनींची यादी आणि रस्त्याची माहिती जोडून आगाराला अर्ज करण्याचेही ठरले. अर्ज मी लिहून दिला. त्याची पोच घेऊन ठेवा, एवढे बजावून निघालो. तोंडी मागणीचा पाठपुरावा करता येत नाही.

परवा सकाळी कचेरीत पोचलो तोच भाऊजींचा फोन आला.

"जयभीम. आज माझी पाळी होती. पाचही पोरी बसल्या."