सोफी गेली की जास्वंद बाहेर

"सोफी जाऊ द्या, मग बाहेर ठेवा," रोपवाटिकेतल्या बाई म्हणाल्या. माझ्या हातात लाल जास्वंदीची कुंडी, बाहेर एप्रिल अखेरचं लख्ख ऊन.

ही सोफी म्हणजे १५ मेची संत सोफिया, इथे जर्मनीत लोकांच्या तोंडी 'थंड सोफी'. तिच्याआधी ११ मेपासून रोज एक: मामेर्टुस, पांक्रात्सिउस, सेर्वात्सिउस, बोनिफात्सिउस. या हिमसंतांच्या दिवसांत रात्री अवचित दहिवर गोठतं, कोवळे शेंडे करपतात. म्हणून जुनी माणसं तोवर टोमॅटोही वाफ्यात लावत नाहीत. मला हे ऐकून घरच्यासारखं वाटलं. आपण रोहिणी, मृग, आर्द्रा मोजतो; यंदा मृगाचं वाहन बेडूक की म्हैस, यावर पारावर तास रंगतो. इथेही मतभेद आहेतच. दक्षिणेकडचे मामेर्टुसला धरत नाहीत, पांक्रात्सिउसपासून मोजतात. शिवाय पोप ग्रेगरींनी १५८२ मध्ये दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळले, तेव्हा जुन्या हिशेबाने सोफीची थंडी मेच्या शेवटच्या आठवड्यात यायला हवी, असं म्हणणारेही आहेत. जास्वंदीच्या बाबतीत मी त्यांचं ऐकते.

हिवाळ्यात तिला मायेची ऊब देऊ नये. हीटरशेजारच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पान उलटलं की शिरांच्या बेचक्यात बारीक जाळं आणि त्यावर सरकणारे ठिपके दिसतात. उजेडाची, पंधरा अंशांच्या आसपासची खोली आणि जेमतेम पाणी तिला पुरतं. पॉट्सडामला सांसूसीच्या बागेत तर कुंड्यांतल्या झाडांना हिवाळा काढायला राजवाड्यासारखी ऑरेंजरी आहे.

दुकानातली गच्च, बुटकी जास्वंद बहुधा वाढ रोखणारं औषध देऊन तशी ठेवलेली असते. त्याचा असर ओसरला की फांद्या मोकळ्या सुटतात. मला ती तशीच आवडते, आणि फूल एकेरी, केसर बाहेर काढलेलं. कोकणात त्या केसराशी शिंजीर लोंबकळतो. इथे मकरंदावर जगणारा पक्षीच नाही.

इथल्या कुंपणांना दुसरी जास्वंद असते, बर्फ सोसणारी, पांढरी किंवा जांभळी, पोटात लाल डाग. ती नेमकी गणपतीच्या सुमारास भरात असते. लालच हवी म्हणून काहीजण फुलवाल्यांकडे हेलपाटे घालतात. मी ही कुंपणावरची वाहते.