काढता येतं!

परवा गाडी धुताना डिकीच्या पट्टीवर एका कोपऱ्यात नखाएवढा काळा ठिपका दिसला. खरवडायला गेलो आणि हात तिथेच थांबला. म्हटलं, राहू दे. त्या ठिपक्यामागे एक गोष्ट आहे, आणि ती लिहीन लिहीन म्हणत बरेच महिने नुसतीच डोक्यात फिरतेय. आज लिहूनच टाकतो.

गाडी आमच्या आण्णांची. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यावर, २०११ साली, आलेल्या पैशातून त्यांनी घेतलेली. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाची ही पहिली कार. घेताना त्यांनी मायलेज विचारलं, सर्व्हिसिंगचा खर्च विचारला, आणि शेवटी हळूच विचारलं, "त्या चांदीच्या पट्ट्या असलेलं मॉडेल किती महाग पडतं?" खिडक्यांखालून जाणारी एक पट्टी, पुढची जाळी, डिकीवर एक आडवी पट्टी आणि तिच्यावर गाडीच्या नावाची अक्षरं, एवढाच काय तो क्रोमचा साज. आण्णांना तो आवडला आणि त्यांनी जास्तीचे पैसे भरले. चैन म्हणावी अशी त्यांनी केलेली मला आठवणारी ही एकच गोष्ट.

मग दर रविवारी सकाळी चहा झाला की आण्णा एक जुना बनियन घेऊन खाली पार्किंगमध्ये जायचे आणि त्या पट्ट्या पुसायचे. गाडी धुवायला माणूस होता, पण पट्ट्या मात्र त्यांच्या. वॉचमन त्यांना गमतीने म्हणायचा, "साहेब, चांदी झिजंल." आण्णा म्हणायचे, "झिजू दे, पण दिसू दे."

(झिजण्याचं म्हणाल तर मी नंतर वाचलं ते गमतीचं आहे. हल्लीच्या गाड्यांवरचं क्रोम बहुतेक वेळा प्लॅस्टिकवर चढवलेलं असतं. आधी तांबं, मग निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. चकाकी मुख्यतः खालच्या निकेलची. क्रोम तिला फक्त काळवंडू देत नाही. आणि हा क्रोमचा थर असतो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून कल्पना करा. म्हणजे आण्णा इतकी वर्षं जे पुसत होते ते जवळजवळ नव्हतंच!)

तर २०२२ मध्ये आण्णांनी सोसायटीच्या गेटच्या खांबाला गाडी घासली. पाठोपाठ एकदा संध्याकाळी डावीकडून आलेली स्कूटर त्यांना दिसलीच नाही. कुणाला लागलं नाही, पण मी शेजारी बसलो होतो आणि माझे पाय गार पडले. त्या रात्री मी खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या कपाटात ठेवली. त्यांना म्हटलं, "थोडे दिवस मी ठेवतो, आण्णा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू." ते "बरं" म्हणाले. ऑपरेशन झालं, छान झालं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदूही आहे, बाजूची नजर गेलेली आहे आणि गेलेली परत येत नाही. आहे तेवढी सांभाळायची. थेंब चालू ठेवायचे.

"मग बघू" तसंच राहिलं. मी विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. किल्ली माझ्या कपाटात, आणि रविवारचं पुसणं मात्र चालू.

आता चिरंजीवांची एन्ट्री. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत ते हॉस्टेलवरून आले ते एक शब्द घेऊन. "बाबा, आपण क्रोम डिलीट करूया." म्हणजे काय, तर चकचकीत पट्ट्या काळ्या करायच्या. हल्ली चमक जुनाट दिसते म्हणे. मी म्हटलं, आजोबांच्या गाडीला रंग फासायचा नाही. तर म्हणाला, "रंग नाहीये रे तो. रबर आहे. स्प्रे करायचं, नको झालं की सालीसारखं ओढून काढायचं. खालची वस्तू आहे तशी. आणि पूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरटीओचं लफडं. या नुसत्या पट्ट्या आहेत, परवानगी कशाला?"

आरटीओच्या परवानगीचा विचार झाला. आण्णांच्या परवानगीचा कुणाच्या मनातही आला नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आला होता. पण "काढता येतं" या दोन शब्दांनी मला सोडवलं. जे काढता येतं त्याला विचारायचं कशाला?

हे रबरी प्रकरण मूळचं हत्यारांसाठीचं. पकडीची, पान्याची मूठ त्या द्रवात बुडवायची आणि वाळवायची, झाली रबरी मूठ. पुढे ते डब्यात भरून फवारता यायला लागलं आणि पोरांनी गाड्यांवर मारायला सुरुवात केली. आत काय असतं, तर द्रावकात विरघळवलेलं कृत्रिम रबर. द्रावक उडून जातं, मागे रबराचा पापुद्रा राहतो. तो पृष्ठभागाला धरून बसतो, पण त्याच्यात मिसळत नाही. म्हणूनच तो काढता येतो.

दोन डबे आले. चिरंजीवांनी आधी पट्ट्या साबणाने, मग स्पिरिटने पुसल्या, कारण तेलकटपणा राहिला तर पापुद्रा धरत नाही. आजूबाजूच्या पत्र्याला मास्किंग टेप आणि पेपर लावले. दहा वाजेपर्यंत थांबायला लावलं, कारण पहाटेच्या दवात, दमट हवेत मारलं तर वर पांढरट झाक येते. डबे कोमट पाण्यात ठेवले, मिनिटभर खळाखळा हलवले. तोंडाला मास्क, आणि आसपास कुणी विडी ओढत नाही ना हे बघितलं, कारण ते द्रावक पेट घेतं. वीतभर अंतरावरून पहिला हात इतका पातळ की खालची चमक दिसत राहावी. मग वीस मिनिटं थांबायचं, मग दुसरा, असे पाच हात. जाळी आणि खिडक्यांच्या पट्ट्या त्याने केल्या. डिकीची पट्टी मी मागून घेतली. म्हटलं, मलाही जरा हौस.

मी दोनच हात मारले. एक तर मन खात होतं, आणि दुसरं म्हणजे वाटलं, कमी मारलेलं बरं, काढायची वेळ आलीच तर सोपं जाईल. चिरंजीव म्हणाले, "बाबा, अजून मार." मी म्हटलं, "पुरे, झाकलं गेलंय सगळं."

टेप ओला असतानाच काढायचा असतो, नाहीतर कडेचा पापुद्रा त्याच्याबरोबर येतो. अक्षरांची युक्ती तर मला फारच आवडली. अक्षरांवर आणि भोवतालच्या पत्र्यावर बिनधास्त फवारायचं, वाळलं की टूथपिकने अक्षराच्या कडेने रेघ मारायची आणि भोवतीचं ओढून काढायचं. अक्षरं तेवढी काळी राहतात.

संध्याकाळी आण्णा काठी टेकत खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली. खिडकीखालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "छान झालंय," म्हणाले, आणि वर गेले.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी आण्णा खाली गेले नाहीत. थंडी होती. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मग उन्हाळा आला, मग पावसाळा. मला त्यात काही दिसलं नाही, म्हणजे बघायचं नव्हतं म्हणून दिसलं नाही. २०२४ चा दसरा जवळ आला तेव्हा मी आईला सहज म्हटलं, आण्णा हल्ली खाली उतरतच नाहीत, गुडघे दुखतात का? आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघ्यांना काय झालंय? त्यांना पुसायला काही राहिलंच नाही खाली."

तो बनियन बाल्कनीत दोरीच्या टोकाला घडी करून ठेवलेला होता. वर्षभर तो तिथेच होता, आणि मी रोज तिथे कपडे वाळत घालत होतो.

रात्री चिरंजीवांना फोन केला. मला वाटलं वाद घालेल. पण तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी विचारायला पाहिजे होतं यार. शनिवारी येतो. काढता येतं की."

दसरा शनिवारीच होता. सकाळी सहाला पोरगा हजर. आण्णांना मुद्दाम खाली आणलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. कशासाठी ते सांगितलं नाही. चिरंजीवांनी खिडकीखालच्या पट्टीचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी एका तुकड्यात हातात आली. खाली लख्ख क्रोम. आण्णा पुढे वाकले. काही बोलले नाहीत. आईने वरून तो बनियन आणला होता, तो त्यांच्या मांडीवर ठेवला.

आणि मग माझी डिकीची पट्टी. टोक उचललं, तुटलं. दुसरं उचललं, तेही तुटलं. न सोललं जाणाऱ्या उकडलेल्या अंड्यासारखे बारीक बारीक पोपडे निघायला लागले. अर्धा तास घासून चार बोटं मोकळी झाली. मी म्हटलं, हे कसं, मी तर कमी मारलं होतं!

"म्हणूनच," चिरंजीव म्हणाले. ओढताना पापुद्र्याची स्वतःची ताकद त्याच्या पकडीपेक्षा जास्त लागते. जाड असेल तर तो एकसंध निघतो. पातळ असेल तर पकड जिंकते आणि पापुद्रा फाटतो. त्यातून वर्षभराच्या उन्हाने तो आणखी कडक झालेला. उपाय काय? तर त्याच्यावर आणखी जाड थर चढवायचा, वाळू द्यायचा, म्हणजे खालचा वरच्याला चिकटून त्याच्याबरोबर येतो. काढण्यासाठी आधी पुरतं चढवायचं!

गेल्या वर्षीचा अर्धा डबा शिल्लक होता. त्याने चार जाड हात मारले आणि म्हणाला, "आता तीन-चार तास हात लावायचा नाही." आणि नाश्ता करायला वर पळाला.

खाली आम्ही दोघंच. आण्णा बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढी पट्टी पुसत होते. मी दुसऱ्या खुर्चीवर. वाळायची वाट बघण्याशिवाय काही काम नाही, आणि उठून जायला निमित्तही नाही. कितीतरी वेळाने मी म्हटलं, "आण्णा, ते किल्लीचं... 'मग बघू' म्हटलं होतं मी. डॉक्टर म्हणाले होते, ती नजर परत येणार नाही. मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यांचा हात थांबला नाही.

"अरे, मलाही सांगितलं होतं त्यांनी. डोळे माझे आहेत ना."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू थोडे दिवस म्हणाला होतास. म्हटलं, बघू, किती दिवसांनी सांगतो."

दोन वर्षं. दोन वर्षं तो माणूस वाट बघत होता, किल्लीची नव्हे, मी सांगण्याची. मी मात्र पातळ दोन हात मारून समजत होतो की झाकलं गेलंय सगळं. सॉरी म्हणालो. आमच्या घरात तो शब्द फारसा वापरात नाही, त्यामुळे तो जरा विचित्रच वाजला. आण्णा म्हणाले, "ठीक आहे. हे इकडचं टोक पूस, मला दिसत नाहीये ते." मी पुसलं.

दुपारी डिकीचा पापुद्रा निघाला. पुष्कळसा एका तुकड्यात, थोडा टर्पेंटाइनच्या बोळ्याने, आणि तो कोपऱ्यातला नखाएवढा ठिपका काही केल्या निघाला नाही. चिरंजीव जाळीकडे वळले तेव्हा आण्णांनीच थांबवलं. "ते राहू दे काळं. तोंड बरं दिसतंय गाडीचं. आणि जाळी पुसायला वाकावं लागतं." मग काळ्या जाळीवर झेंडूची माळ चढली. आण्णांनी नारळ फोडला, आपट्याची पानं वाटली. मी किल्ली कपाटातून आणून गाडीसमोर पूजेत ठेवली, आणि पूजा झाल्यावर तिच्या जुन्या खिळ्याला अडकवली. आता ती तिथेच असते. आण्णा गाडी चालवत नाहीत, आणि का चालवत नाहीत हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे, एवढाच फरक.

असो. कुणाला आपल्या गाडीवर हे करायचं असेल तर जरूर करा, दिसतं छान. फक्त पाच हात मारा, दोन नकोत. आणि गाडी कुणाची आहे त्यांना आधी विचारा, काढता येत असलं तरी.