रोमहून एका दिवसात: कड्यावरचे ऑर्व्हिएतो

रोमसाठी चार-पाच दिवस काढले असतील, तर त्यातला एक दिवस ऑर्व्हिएतोसाठी राखून ठेवा. कोलोसियम आणि व्हॅटिकनच्या रांगांमध्ये उभे राहून पाय दुखू लागले, की उंब्रिया प्रांतातले हे छोटे, निवांत शहर फार बरे वाटते. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून रेल्वेने साधारण सव्वा ते दीड तासात तिथे पोहोचता येते. चारही बाजूंनी तुटलेला सपाट माथ्याचा खडक आणि त्यावर घरांची दाटी, असे हे शहर आहे.

असा कडा म्हणजे आयताच किल्ला. पण वेढा पडला तर पाण्याचे काय? राजगड किंवा रायगड चढलेल्यांना वरच्या टाक्यांचे मोल सांगायला नको. ऑर्व्हिएतोचीही खरी गोष्ट पाण्याचीच आहे.

पाण्यावर चालणारी रेल्वे

स्टेशनसमोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. १८८८ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरत. जड झालेला तो डबा खाली येताना दुसऱ्या डब्याला वर ओढून घेई. आता ती विजेवर चालते आणि काही मिनिटांत तुम्हाला वर सोडते. त्यामुळे सोबत आजी-आजोबा असले, तरी कडा चढण्याची चिंता नाही.

पोपची विहीर

वरच्या स्टेशनपासून काही पावलांवर सेंट पॅट्रिकची विहीर आहे. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले आणि पोप सातवा क्लेमेंट सुटका करून घेऊन इथे आश्रयाला आला. शहराला वेढा पडला तर लोक तहानेने मरतील, या भीतीने त्याने वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लो याला विहीर खोदायला सांगितली.

ही विहीर सुमारे ५३ मीटर खोल आहे. आत एकमेकांभोवती गुंफलेले दोन गोल जिने आहेत. प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. खेचरे एका जिन्याने रिकामी उतरत आणि दुसऱ्याने पाणी घेऊन चढत. म्हणून वाटेत कधी कोंडी होत नसे. आतल्या भिंतीत सुमारे ७० खिडक्या आहेत, त्यांतून वरचा उजेड खाली झिरपतो. काम १५३७ मध्ये पूर्ण झाले, पण क्लेमेंट १५३४ मध्येच वारला होता. ज्या वेढ्याची त्याला धास्ती होती, तो शेवटपर्यंत पडलाच नाही.

पायऱ्या खेचरांसाठी बांधल्यामुळे रुंद आणि कमी उंचीच्या आहेत. उतरणे सोपे जाते, चढताना मात्र दम लागतो. गुडघे दुखत असतील तर वरच थांबा. आत गारवा असतो, म्हणून उन्हाळ्यातही मुलांसाठी एखादे जाकीट जवळ ठेवा.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कॅथेड्रल

इथून छोट्या बसने किंवा चालत कॅथेड्रलच्या चौकात या. १२९० मध्ये या चर्चचे बांधकाम सुरू झाले. बाजूच्या भिंतींवर गडद आणि फिकट दगडांचे आडवे पट्टे आहेत, तर दर्शनी भाग सोनेरी मोझेक आणि कोरीवकामाने भरलेला आहे. आत सान ब्रित्सियो चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने रंगवलेला जगाचा शेवट आणि अंतिम निवाडा नक्की पाहा.

जमिनीखालचे शहर

चौकातूनच भुयारांची मार्गदर्शकासह सहल निघते. हा खडक ज्वालामुखीच्या राखेचा, म्हणजे मऊ आहे. एत्रुस्कन लोकांच्या काळापासून इथल्या माणसांनी तो पोखरला आणि आज शहराखाली हजाराहून जास्त गुहा आहेत. माणूस जेमतेम मावेल अशा अरुंद विहिरी, तेलाचा घाणा आणि भिंतीत ओळीने कोरलेली कबुतरांची खुराडी तुम्हाला इथे दिसतील. कबुतरे बाहेर उडून स्वतःचे दाणापाणी शोधत आणि परत येत. मालकाला घरबसल्या मांस मिळे.

ज्या मऊपणामुळे पाण्यापर्यंत पोहोचता आले, तोच शहराच्या मुळावरही आला. कड्याच्या दरडी कोसळू लागल्या, तेव्हा खडक सांधण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले. आज तुम्ही निर्धास्त फिरता ते त्यामुळेच.

जेवायला उंब्रिकेल्ली, हा हाताने वळलेला जाडसर पास्ता मागवा. शाकाहारी असाल तर सॉसमध्ये मांस आहे का, हे आधी विचारा. इथला ब्रेड अळणी असतो, तो बिघडलेला नाही. दुपारी बरीच दुकाने बंद होतात, म्हणून खरेदी सकाळी किंवा संध्याकाळी करा. परतीच्या रेल्वेची वेळ मात्र सकाळी स्टेशनवर उतरतानाच पाहून घ्या.