तपासणाऱ्याचा पेपर

सहामाहीचे आठवीचे पेपर वाटून झाले होते. रात्री सातवीचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. समोर धाकटा भाऊ संगणकात डोके घालून बसलेला. तो सॉफ्टवेअर इंजिनिअर.

“क्या देख रहा है इतना?” मी विचारले.

“भाईजान, तुम्हारे सरीखा मैं भी पेपरच जाँच रहा हूँ,” तो हसला.

मग त्याने समजावून सांगितले. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. माणसाने लिहिलेल्या कोडपासून कंपायलर यंत्राच्या सूचना तयार करतो. त्या सूचना तपासणारे ‘ऑब्जटूल’ नावाचे साधन २०१६ साली कर्नलच्या ४.६ या आवृत्तीत आले. फंक्शनमधल्या वाटांवरून ते चालत जाते आणि स्टॅकची मांडणी कुठे बिघडली तर इशारा देते. भाऊ मात्र या तपासनिसातच कुणी सुचवलेला बदल तपासत होता.

बदल एका ओळीचा. ‘पॅनिक’सारखी काही फंक्शने एकदा बोलावली की परत येत नाहीत. त्यांच्या नावांची यादी साधनाकडे असते. यादीत नाव नसले की ते उगाच इशारा देऊ शकते; नाव घातले की गप्प बसते.

“मग घालून टाक ना.”

“और वो फंक्शन कभी लौटता होगा तो?”

तर साधन त्यापुढची वाट चालणारच नाही आणि तिथली चूक निसटू शकेल. म्हणून तो त्या फंक्शनचा कोड शेवटपर्यंत वाचत होता. पटले, तरच ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहून पुढे आपले नाव घालायचे.

माझा लाल पेन थांबला. त्याच दुपारी आठवीतली एक मुलगी चक्रवाढ व्याजाचे गणित घेऊन आली होती. “सर, मेरा जवाब सही है.” मी न बघताच म्हणालो, “उत्तरसूची में दूसरा है,” आणि तिला जागेवर पाठवले. उत्तरसूची मीच केली होती.

ते गणित मी पुन्हा सोडवले. घाईत मी सरळव्याज काढले होते. तिचे बरोबर होते. बरोबर लिहिणाऱ्या सगळ्यांचे गुण मी कापले होते आणि माझ्यासारखे चुकलेल्यांना पूर्ण दिले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि सगळे पेपर परत मागवले. तिचे गुण वाढवून पेपर तिच्या हाती दिला. ती काही बोलली नाही. बाकावर बसून तिने सगळी बेरीज स्वतः पुन्हा करून पाहिली.