नशिबात होतं म्हणे

मंडळी, बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द दिसला की फोड करून बघायची खोड अजून जात नाही. ‘अपघात’ हा शब्द घ्या. त्यात ‘घात’ आहे. घात आपोआप होत नाही, कुणाच्या तरी हातून होतो. आपण मात्र बोलताना हा शब्द असा वापरतो, जणू वीज पडली किंवा पूर आला. ट्रकचा अपघात झाला म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, “नशिबात होतं!”

या एका वाक्यानं आपल्याकडे किती घरं गप्प बसली असतील, याचा विचार गेली दोन-तीन वर्षं मी करतो आहे. कारण तेच वाक्य आमच्याही घरात आलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा वायरमन. वय तेव्हा बत्तीस. जानेवारी २०२३ मध्ये रात्री नऊच्या सुमाराला मोटारसायकलवरून घरी येत होता. दिवस ऊसतोडणीचे. आमच्या भागात दिवाळीपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांचंच राज्य असतं. असाच एक भरलेला ट्रक टायर फुटून निम्मा डांबरावर, निम्मा साइडपट्टीवर उभा होता. मागचे दिवे बंद. रिफ्लेक्टरवर धूळ आणि वरून लोंबणारी उसाची वाढी. इशारा म्हणून मागं चार दगड आणि बाभळीची एक फांदी. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड डोळ्यांवर, आणि ट्रक दिसला तेव्हा अंतरच उरलं नव्हतं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात आठवडा झाला नाही तोच ट्रकमालकाकडची दोन माणसं आली. अगदी नम्र. पन्नास हजार रोख आणि सोबत स्टँपपेपर. ‘आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही’ असा मजकूर तयारच होता. बहिणीचे थोरले दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, “पाव्हणं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणत्यात. पोरगं मागनं जाऊन धडकलंय. चूक आपलीच निघायची. नशिबात हुतं, मिळतंय त्ये घ्यावं.”

माणूस वाईट नव्हता. दवाखान्याचं बिल रोज वाढत होतं आणि पन्नास हजार समोर दिसत होते. बहीण माझ्याकडे बघत म्हणाली, “दादा, तू सांगशील तसं.” मी म्हटलं, “आज सही नको. चार दिवस थांब.”

त्या चार दिवसांत आणि पुढच्या दोन वर्षांत जे समजलं, ते इथं लिहून ठेवतो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कारणांची. त्या रात्रीच्या ‘नशिबा’त काय काय होतं? दिवे नसलेला ट्रक. गाडीत ठेवायचा परावर्तक त्रिकोण नाही, म्हणून दगड. गाडी धोकादायक रीतीनं रस्त्यात सोडू नये, असं मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं. भरमसाट माल, आणि त्यामुळे फुटलेला टायर. यातलं एकही कारण आभाळातून पडलेलं नाही.

पुण्याचा नवले पूल तुम्हाला माहीत असेलच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत मोठा उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड ट्रकनं तिथं ओळीनं कित्येक गाड्यांना ठोकरलं. डिझेल वाचवण्यासाठी चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. भरलेली गाडी उतरवताना खालच्या गिअरमध्ये इंजिनच तिला रोखून धरतं. इंजिन बंद केलं किंवा गाडी न्यूट्रलला टाकली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. शिवाय एअरब्रेकला लागणारी हवा इंजिनच भरतं, ते बंद पडलं की तीही संपत जाते. मग बातमी छापून येते, ‘ब्रेक फेल’. जणू ब्रेकनं स्वतःहून दगा दिला! नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच उतारावर पुन्हा एका कंटेनरनं गाड्यांना ठोकरलं, आग लागली, माणसं गेली. रस्त्याचा उतार, चालकाची सवय, वाचवलेलं डिझेल आणि ते वाचवायला लावणारा हिशेब, ही साखळी आहे. तिची प्रत्येक कडी माणसाच्या हातातली आहे.

चालकावरच सगळं ढकलून मोकळं होणंही बरोबर नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला होता. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्यक्षात खेपेवर पैसे मिळणारा माणूस किती झोपतो, ते धाब्यावर बसून बघावं. नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी असायलाच हवा, हा नियम लागू व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडला.

दुसरी गोष्ट, ‘मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच’ हा समज. वकीलसाहेबांनी आम्हाला २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला. रस्त्याच्या मधोमध पार्किंगचे दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर एक मोटार आदळली होती. न्यायालयानं दोष टँकरवाल्याच्याच पदरात टाकला. प्रत्येक वेळी असंच होईल असं नाही. जखमीचाही थोडा दोष दिसला तर तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कमी होते, पण दावा बुडत नाही. फौजदारी खटल्यासारखा तिळमात्र संशय न ठेवणारा पुरावाही इथं लागत नाही. कुणाची बाजू अधिक संभवनीय, एवढं पाहतात.

आता दावा कुठं करायचा? प्रत्येक जिल्ह्यात मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असतं. अपघात जिथं झाला तिथं किंवा आपण राहतो तिथंही कलम १६६ खाली अर्ज करता येतो. परराज्यात अपघात झाला म्हणून तिकडं खेपा घालण्याची गरज नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. आम्ही चौथ्या महिन्यात अर्ज केला.

आणखी एक रस्ता कलम १६४ चा. कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. ऐकायला सोपं वाटतं, पण ही रक्कम स्वीकारली की १६६ चा मोठा दावा संपतो. पाय गमावलेल्या तरुण माणसानं अडीच लाख घ्यायच्या आधी शांतपणे हिशेब करावा.

तो हिशेबही शाळेतल्या गणितासारखाच आहे. समजा, महिन्याची कमाई पंधरा हजार. वर्षाची १,८०,०००. वय चाळीसच्या आत आणि स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असेल तर पुढच्या वाढीपोटी ४० टक्के धरतात, म्हणजे २,५२,०००. काम करण्याची ताकद ६० टक्के गेली असं ठरलं, तर वर्षाचं नुकसान १,५१,२००. बत्तीस वयाला गुणक १६. गुणाकार करा, २४,१९,२०० रुपये. औषधोपचार, वेदना, कृत्रिम पाय यांचे वेगळे. गुणकांचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला, आणि पुढच्या वाढीचे टक्के २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले.

यात ‘काम करण्याची ताकद’ हे शब्द महत्त्वाचे. दाखल्यावरचं अपंगत्व आणि पोटापाण्याचं नुकसान एकच नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केलं आहे. टेबलाशी बसून लिहिणाऱ्याचा पाय जाणं वेगळं, आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनचा जाणं वेगळं. आणि घर सांभाळणाऱ्या बाईची ‘कमाई शून्य’ असं कुणी म्हणू लागलं तर ऐकून घेऊ नका. तिच्या कामाचीही किंमत धरावी लागते, हे २०२१ च्या निकालात पुन्हा सांगितलं गेलं आहे.

“गरीब ड्रायव्हरच्या पोटावर पाय कशाला?” असंही आम्हाला ऐकवलं गेलं. पण ट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो याचसाठी. पैसे विमा कंपनी देते. चालकाकडे योग्य लायसन्स नसेल, तरी बहुतेक वेळा जखमीला आधी पैसे देऊन कंपनीनं ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो.

ट्रक पळून गेला आणि नंबरही कळला नाही तर? त्यासाठी २०२२ ची योजना आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. अर्ज जिथं अपघात झाला त्या तालुक्याच्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना आली आहे. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यानं पोलिसांच्या ससेमिऱ्याला भिऊ नये. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्याचंच संरक्षण आहे.

आमच्या बाबतीत खरा उपयोग कशाचा झाला सांगू? कागदांचा. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या मित्रानं मोबाईलवर फोटो काढले होते. त्यात ते चार दगड आणि ती फांदी स्पष्ट दिसत होती. एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, ट्रकचा नंबर आणि विमा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक मूळ पावती, सरकारी रुग्णालयातला अपंगत्वाचा दाखला, बँकेचं पासबुक. बहिणीनं सगळं एका जुन्या दप्तरात तारखेवार लावून ठेवलं होतं. ती सातवीपर्यंतच शिकलेली, पण उलटतपासणीत एकही पावती कमी पडली नाही. वकील निवडताना दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. भरपाईतल्या टक्क्यांवर फी ठरवणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना आणि अपंग व्यक्तींना तिथं मोफत मदतीचा हक्क आहे.

निकाल २०२५ मध्ये लागला. वीस टक्के दोष भाच्यावर ठेवला, बाकी ट्रकवर. रक्कम व्याजासह आली, काही भाग बँकेत मुदतठेवीत ठेवायचा हुकूम झाला. पाय काही परत आला नाही. अजूनही थंडीत त्याला नसलेली बोटं ठणकतात. पण त्यानं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलंय, बसून करता येतं असं काम. मुलीची शाळा सुटली नाही.

मला पैशांपेक्षा निकालपत्रातली एक ओळ मोलाची वाटते. ट्रक निष्काळजीपणे उभा केला होता, असं तिथं लिहिलं आहे. बस्स. ‘नशिबात होतं’च्या जागी आता एक कारण लिहिलेलं आहे, सही-शिक्क्यासह. थोरल्या दिरांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. काही बोलले नाहीत. पण यंदाचा गळीत हंगाम सुरू झाला तेव्हा गावातल्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवायला स्वतः उभे राहिले होते, असं बहीण फोनवर सांगत होती.

तेव्हा मंडळी, रात्री उसाच्या रस्त्यानं जाल तर जपून. आणि कुणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर पहिल्या आठवड्यात कुठल्याही कागदावर सही करू नका, एवढं त्यांना आवर्जून सांगा.