खिडकीचे माप

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीत आमचे माळवदाचे घर आहे. वाळवीने तेथील लाकडी खिडकी पोखरली, तेव्हा ॲल्युमिनिअमची करून घेण्याचे ठरले. कारागिराने गाळ्याची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीनदा मोजली. जुनी भिंत कोठेच सरळ नव्हती. त्याने सर्वांत लहान माप धरले. सरकती खिडकी स्वस्त पडत होती, परंतु ती अर्धीच उघडते. उन्हाळ्यातील दुपारी तेथे बसणाऱ्या आईला वाराही अर्धाच मिळाला असता. म्हणून बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी निवडली. ॲल्युमिनिअमला वाळवी लागत नाही, मात्र ते उन्हात लवकर तापते. यास्तव वर छज्जा काढला. आपणही खिडकी निवडाल, तेव्हा माप घेण्यापूर्वी एवढे पाहा : तिच्याशी कोण बसणार आहे?